निवडणार दादा, दाबणार मी

मला न समजणाऱ्या गोष्टींचा राग येतो. ऑफिसात एखादं परिपत्रक दोनदा वाचूनही कळलं नाही की मी ते टेबलावर आपटते आणि शेजारच्या बाई सवयीनं आपला चहाचा कप उचलून धरतात. अशा माझ्या नशिबी एक व्हिडिओ गेम आला, जो मी लहानपणापासून खेळते आहे आणि जो मला अजून धड कळलेला नाही. मध्यंतरी दादा आजारी पडला आणि तोही मला कळेनासा झाला. या दोन न कळणाऱ्या गोष्टींची गाठ कशी पडली, ते सांगते.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. मुरुम गावच्या बाजारात त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही, मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी, घरात जे बंद पडेल ते तिथं येतं. पुढच्या टेबलावर दादा बसायचा आणि मागं पडद्याआड वहिनी पंख्यांची, मोटारींची वायंडिंग भरायच्या. लग्न होऊन आल्यावर हे काम त्या दादाकडूनच शिकल्या. गिऱ्हाइकांना मात्र पुढचा दादाच ठाऊक. मी धाराशिवला नोकरीला आहे. शनिवारी एसटी धरायची, तुळजापूर, नळदुर्ग करत मुरुमला जायचं, वहिनींच्या हातची शेंगाची चटणी आणि भाकरी खायची, दादाशी भांडायचं आणि रविवारी परत फिरायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा नेम.

गेम आमच्याकडं आला तेव्हा मी दुसरी-तिसरीत असेन. वडील उमरग्याला कचेरीत शिपाई होते. त्यांच्या साहेबांचा मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि त्याचा टीव्ही गेम माळ्यावर पडून राहिला. तो साहेबांनी वडिलांना दिला. दोन रिमोट होते, त्यातल्या एकाची वायर उंदरांनी खाल्लेली. कॅसेटी तीन. एक गाड्यांची, एक उड्या मारायची, आणि एक अशी की लावली की पडद्यावर नुसती किडामुंगीसारखी अक्षरं. पहिल्या दोन लवकरच बंद पडल्या. राहिली ती अक्षरांची. आम्ही तिला चिनी गेम म्हणायचो. ती भाषा जपानी आहे हे मला फार उशिरा कळलं. त्यानं आमचं काही बिघडलं नाही, कारण आम्हाला दोन्ही वाचता येत नव्हत्या.

हा गेम बाकीच्या गेमसारखा नव्हता. चार ठेंगणी माणसं एकामागं एक रांगेनं गावोगाव फिरायची. चालता चालता पडदा एकदम काळा व्हायचा आणि समोर राक्षस उभे राहायचे. आता धावपळ होईल म्हणून आम्ही सरसावून बसायचो, तर सगळे आपले रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे गप्प उभे. खाली एक चौकोन उघडायचा, त्यात चार ओळी. ओळीसमोर एक छोटा हात बोट दाखवत असायचा. आपण तो हात वरखाली करून एक ओळ निवडायची, बटण दाबायचं, आणि मग आपला माणूस एकदा मारायचा. मग त्यांचा एक जण मारायचा. मग पुन्हा चौकोन. शेजारची पोरं मोठ्या हौसेनं बघायला आली आणि कंटाळून उठली. जाताना एक जण म्हणाला, "ह्यात मारामारी कुठंय? ही दोघं नुसती अर्ज भरायलेत."

ओळी वाचता येत नसल्यानं आम्ही त्या जागेवरून ओळखायचो. पहिली ओळ म्हणजे मार. दुसरी जादू. तिसरी नुसतं अंग चोरून उभं राहणं. चौथी थैली, म्हणजे औषधपाणी. हे कळायलाच आमची एक उन्हाळ्याची सुट्टी गेली. आकडे तेवढे आपल्या ओळखीचे होते, म्हणून कुणाचा जीव किती उरला ते दिसायचं. बाकी सगळा अंधार. राक्षस मारून मारून आमची माणसं अचानक एकदम ताकदवान का व्हायची? हौसेनं घेतलेली तलवार एकाला धरता यायची आणि दुसऱ्याला का नाही? विंचवासारखं काहीतरी चावल्यावर दर पावलाला पडदा लुकलुकायचा आणि जीव कमी होत जायचा, तो थांबवायचा कसा? मी दादाला विचारायची आणि तो ठामपणे काहीतरी सांगायचा. त्यालाही काही माहीत नव्हतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

रिमोट एकच, त्यामुळं आमची रोज मारामारी. शेवटी आईनं निवाडा केला. रिमोटच्या डाव्या बाजूला अधिकच्या चिन्हासारखं बटण असतं, हात वरखाली करायचं. ती बाजू दादानं धरायची. उजवीकडं दोन गोल बटणं, ती बाजू मी. मांडीला मांडी लावून एकाच रिमोटला दोघं लटकलेली. थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की ह्यात माझी फसवणूक आहे. "निवडणार तू, आन् दाबणार मी?" म्हणून मी थयथयाट केला. दादा शांतपणे म्हणाला, "तू दाबल्याबिगर कायतरी हुतंय का, बारके?" तेही खरंच होतं. मी गप्प बसले, पण पटलं नाही.

त्या चौघांची नावं वाचता येत नव्हती म्हणून आम्हीच ठेवली. लांब पांढऱ्या दाढीचा तो दाढीवाला. तलवारीचा तो शिपाई. टोपी घातलेला टोप्या. आणि चौथी पांढऱ्या झग्यातली बाई, ती जादूनं सगळ्यांना बरं करायची. सरकारी दवाखान्यात तशा नर्स आम्ही बघितलेल्या, म्हणून ती सिस्टर. एका गावात ओट्यावर बसलेला एक म्हातारा होता. त्याच्यापुढं उभं राहून बटण दाबलं की त्या दिवसापर्यंतचा खेळ लक्षात राहायचा. त्या जागेला आम्ही विहार म्हणायचो. तिथं पोचलं की दादा मला रिमोट खाली ठेवून हात जोडायला लावायचा. मी जोडायची. पहाटेपासूनची मेहनत पुसली जाऊ नये म्हणून मी कुणालाही हात जोडले असते.

आणि एक लॉजवाला होता. त्याच्याकडं गेलं की तो काहीतरी विचारायचा आणि दोनच ओळींचा चौकोन उघडायचा. हात वरच्या ओळीवर आपोआप असायचा. तसंच दाबलं की गाण्याचा तुकडा वाजायचा, सकाळ व्हायची, सगळ्यांचा जीव भरलेला. हात खाली नेऊन दाबलं तर लॉजवाला त्रोटक काहीतरी बोलायचा आणि आपण तसेच उभे. म्हणजे वर व्हय, खाली न्हाय. साऱ्या गेममध्ये एवढी एकच गोष्ट आम्हाला नक्की कळली होती.

पण आमची खरी गंमत वेगळीच होती. रांगेत कुणाला पुढं ठेवायचं आणि कुणाला मागं, हे ठरवायचा एक पडदा त्या गेममध्ये होता. आम्ही दाढीवाल्याला पुढं ठेवला. न विचारता, न बोलता. आमच्या घरात कुणाच्या दारात जायचं तर वडीलधारं पुढं. सोयरिकीला गेलं तरी, मयतीला गेलं तरी. काका आणि वडील बरोबर निघाले की वडील दोन पावलं मागं राहायचे, काका थोरले म्हणून. मग चार जण राक्षस मारायला निघाल्यावर पांढऱ्या दाढीचा माणूस मागं कसा राहील? झालं, जो राक्षस येईल तो आधी दाढीवाल्याला हाणायचा. अंगात काही नाही, हातात काठी. दोन फटक्यांत आडवा. मग त्याला उठवायला सिस्टरची सगळी जादू खर्ची पडायची, शिपाई एकटा झुंजायचा आणि आम्ही हरायचो. पुन्हा विहारापासून सुरू. कित्येक वर्षं माझी समजूत अशी होती की हा गेम म्हणजे एका म्हाताऱ्याला जिवंत ठेवायचा गेम आहे.

मोठेपणी मी मोबाईलवर शोधलं, तेव्हा कळलं की पुढच्याला जास्त मार बसतो आणि जादूवाल्यांना मागं ठेवतात. मला आमच्या वाया गेलेल्या सुट्ट्या आठवल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. पुढच्या शनिवारी दुकानात शिरता शिरता मी दादाला ही बातमी दिली. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो अजून तो गेम लावायचा. जुना टीव्ही त्यासाठीच कोपऱ्यात ठेवला होता, आणि कॅसेटमधला सेल मेला तर नवा डकवून ती चालू ठेवली होती. तो हातातलं काम न सोडता म्हणाला, "ठाव हाय मला. लई वर्सं झाली."

"मग मागं का नाय ठिवलास त्याला?"

"म्हाताऱ्याला मागं कसं ठिवायचं, बारके?"

मी त्याला येडा म्हणाले. पडद्याआडून वहिनी हसल्या.

मग दादाला लकव्याचा झटका आला. सकाळी दुकानाचं शटर उचलताना तो तिथंच बसला. सोलापूरला नेलं, जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. सगळं नाही, एक शब्द राहिला. "व्हय."

पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा आम्हाला आनंद झाला होता. घरी आणल्यावर हळूहळू त्या आनंदाचं काय होतंय ते कळायला लागलं. चहा देऊ का? व्हय. कप पुढं केला की तो ढकलून द्यायचा. भूक लागली? व्हय. भाकरी कुस्करून दिली की तोंड फिरवायचा. पाय दुखतोय का? व्हय. दुखत न्हाय ना? व्हय. मान पण त्याच तालात हलायची. त्याच्यापुढं पेपर धरला तर तो त्याकडं भिंतीकडं बघावं तसं बघायचा. स्वतःच्या दुकानाच्या पाटीचा फोटो मोबाईलवर दाखवला, तर त्याला त्यातलं एक अक्षर लागलं नाही. त्याला किती कळतंय हे डॉक्टरही सांगेनात. हळूहळू समजेल म्हणाले. मी चिडून विचारलं, "कुणाला? त्याला का आम्हाला?" मी त्याच्या पलंगाशेजारी बसायची आणि त्याच्या डोळ्यांत बघायची. कधी वाटायचं आत दादा आहे. कधी वाटायचं मी उगाच वाट बघते आहे. मला फार भीती वाटायची आणि भीती वाटली की मी सगळ्यांवर ओरडायची.

अशात दुकानाचा विषय निघाला. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, एसटीतून रिटायर झालेले. आई-वडील गेल्यावर आमच्यासाठी तेच मोठे. एका पार्टीला मोबाईलच्या सामानासाठी दुकान भाड्यानं हवं होतं. काकांचं म्हणणं सरळ होतं, शटर बंद राहून गंजण्यापेक्षा घरात चार पैसे येतील. त्यात त्यांचा काही स्वार्थ नव्हता. पण दादाला विचारल्याशिवाय ते करणार नव्हते, कारण दुकान दादाचं आणि शब्द दादाचा. म्हणून सगळ्यांना समोर बसवून त्यांनी विचारलं, "बाळा, दुकान भाड्यानं देऊ का?"

दादा म्हणाला, "व्हय."

काका म्हणाले, "झालं." वहिनी उठून आत गेल्या. मी मागोमाग गेले तर त्या गॅस पेटवायलाच विसरून नुसत्याच पातेल्यात पळी फिरवत होत्या. त्यांना दुकान स्वतः चालवायचं होतं, ते मला त्या पळीवरूनच कळलं. हे त्यांनी आजवर मला सांगितलं नव्हतं, त्या दिवशीही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "त्येंनीच व्हय म्हनलं, वन्सं. मंग आता काय ऱ्हायलं?" ते ‘व्हय’ खरं होतं की चहाच्या ‘व्हय’सारखं, हे मला सांगता येईना. वहिनींनाही येईना, आणि दुखणं तेच होतं. नवऱ्यानं आपल्याला मोडीत काढलं की नवऱ्याला काही कळतच नाही, यातलं कुठलं खरं मानायचं? दोन्ही वाईटच.

पार्टीला पुढच्या रविवारी काय ते सांगायचं होतं. त्या शनिवारी मी मुरुमला पोचले ती आधी दुकानात गेले आणि जुना टीव्ही, गेम, सगळं रिक्षात घालून घरी आणलं. त्यामागं काही मोठा विचार नव्हता. दादा दिवसभर छताकडं बघत पडतो, डाव्या हाताला काहीतरी चाळा होईल, एवढंच. वायरी जोडताना दोनदा चुकले. मग ते ओळखीचं टुणटुण संगीत सुरू झालं आणि दादानं मान वळवली. त्यानं डावा हात पुढं केला. मी रिमोट दिला. त्यानं डावी बाजू धरली आणि उजवी बाजू लोंबकळत राहिली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी पलंगावर चढून त्याच्या मांडीला मांडी लावून बसले आणि उजवी बाजू धरली.

पहिला राक्षस आला. छोटा हात पहिल्या ओळीवर. मी दाबलं. शिपायानं मारलं, टोप्यानं मारलं. राक्षसानं नेहमीप्रमाणं दाढीवाल्याला हाणलं, वर विषही टोचलं. लढाई संपली, पडदा पावलापावलाला लुकलुकायला लागला. दादानं कोपरानं ढोसून मला थैली उघडायला लावली. त्यात त्या किडामुंगी अक्षरांच्या ओळींवर ओळी. मला त्यातलं एक औषध दुसऱ्यापासून वेगळं ओळखता येत नाही, आजही नाही. दादाचा अंगठा सरसर खाली गेला आणि एका ओळीवर थांबला. मी दाबलं. लुकलुकणं थांबलं.

मी रिमोट सोडून त्याच्याकडं बघत राहिले. ह्या माणसाला वर नाव लिहिलेलं असूनही घरातला मिठाचा डबा साखरेच्या डब्यापासून ओळखू येत नव्हता. मराठी अक्षरं त्याच्या डोक्यातून पुसली गेली होती. पण ही अक्षरं तर आम्हाला कधीच येत नव्हती. त्यामुळं जायला काही नव्हतंच. हे माझं गणित बरोबर की चूक, डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही.

मग तो लॉजवाल्याकडं गेला. दोन ओळींचा चौकोन उघडला. दादा तोंडानं म्हणाला, "व्हय." आणि अंगठ्यानं हात खाली नेला. मला वाटलं चुकून गेला. दाबलं, लॉजवाला त्रोटक बोलला. मी पुन्हा चौकोन उघडला. पुन्हा "व्हय", पुन्हा हात खाली. मी वैतागून म्हणाले, "आरं, व्हय म्हनायलास आन् खाली का जायलास?" मग माझं लक्ष आकड्यांकडं गेलं. वाटेत सिस्टरनं सगळ्यांना बरं केलं होतं. सगळ्यांचा जीव भरलेलाच होता. झोपायची गरजच नव्हती. आणखी दोन लढायांनंतर जीव उतरला, तेव्हा तो परत लॉजवाल्याकडं आला, "व्हय" म्हणाला आणि हात वरच ठेवला.

तोंड दोन्ही वेळा एकच बोललं होतं. अंगठा दोन्ही वेळा बरोबर होता.

चौकोन उघडा ठेवून मी विचारलं, "दादा, चहा ठिवू का?" त्यानं नुकताच चहा घेतला होता. "व्हय," आणि हात खाली. मी विचारलं, "मी तुझी थोरली बहीण हाय का?" हात झटकन खाली गेला आणि त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू झटका मलाच आला असावा. मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. वहिनी धावत आल्या. मला धड सांगता येईना. त्यांना वाटलं गेममध्ये हरलो.

दुकानाचं मात्र मी विचारलं नाही. माझ्याच हातात बटण होतं, आणि उत्तर काय यावं हे मला आधीच हवं होतं. नकळत मीच आधी दाबलं तर? शिवाय हात वर तर आपोआपच असतो. म्हणजे वरचं व्हय काही कामाचं नाही. अंगठा हलला तरच ते उत्तर. मी रात्रभर हाच घोळ घालत बसले आणि शेवटी माझी मलाच खात्री वाटेनाशी झाली.

रविवारी दुपारी काका आले. "पार्टीला सांजच्याला बोलावलंय," म्हणाले. मी म्हणाले, "काका, एकदा दादाला पुन्हा इचारा."

"माझ्याम्होरं व्हय म्हनलाय की त्यो."

"त्यो सगळ्यालाच व्हय म्हनतो."

"मग न्हाय कधी म्हनतो?"

"म्हनतो. अंगठ्यानं."

काका माझ्याकडं बघून मग वहिनींकडं बघायला लागले, हिला काय झालंय म्हणून. पण दादा रिमोट धरून बसलेला होता आणि त्याच्या शेजारची जागा मी रिकामी केली. काका बसले. मी त्यांना चारदा समजावलं, वर व्हय, खाली न्हाय, आणि मी सांगेन तेव्हाच दाबायचं. आधी त्यांना चहाबद्दल विचारायला लावलं, मग पाऊस पडतोय का ते विचारायला लावलं. बाहेर लख्ख ऊन होतं. अंगठा खाली गेला. काकांनी चष्मा पुसला.

"बाळा," काका म्हणाले, "दुकान भाड्यानं देऊ का?"

"व्हय," दादा म्हणाला, आणि अंगठा खाली गेला.

"चुकून गेला आसंल."

"दाबा, काका. आन् परत इचारा."

पुन्हा तेच. मग काका म्हणाले, "बरं, भाड्यानं द्यायचं न्हाय?" मी ओरडले, "आसं न्हाय इचारायचं! वर ऱ्हायला तर काय कळायचंय?" काका माझ्यावर ओरडले, "मग नीट सांग की!" दादा दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. काकांनी विचारलं, "बंदच ठिवायचं का दुकान?" अंगठा खाली. "मग मी बसू दुकानात, ह्या वयात?" अंगठा खाली, आणि काकांनाच हसू फुटलं. "मग ही बसंल का, धाराशिवची नोकरी सोडून?" काकांनी माझ्याकडं बोट दाखवलं. ह्या वेळी अंगठा इतक्या घाईनं खाली गेला की मला जरा लागलंच.

"मग बसनार तरी कोन?" काका म्हणाले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात शेंगाचं कूट लागलेले हात घेऊन उभ्या होत्या. त्यांचं नाव काकांच्या डोक्यातच आलं नव्हतं आणि माझ्या तोंडातून निघेना, कारण उत्तर काय येईल ह्याची मला भीती वाटत होती.

दादानं चौघांना लॉजमधून बाहेर काढलं आणि रस्त्यावर थांबवलं. त्यानं कोपरानं काकांना ढोसलं. "बटण दाबा," मी म्हणाले. यादी उघडली. अंगठा खाली जात जात शेवटच्या ओळीवर थांबला. ती ओळ आम्ही लहानपणी एकदाच वापरली होती. काकांनी दाबलं. रांगेचा पडदा उघडला. पुढं दाढीवाला, मग शिपाई, मग टोप्या, सगळ्यात शेवटी सिस्टर. दादानं दाढीवाल्यावर हात ठेवला. काकांनी दाबलं. दादानं हात सरळ खाली, सिस्टरवर नेला आणि थांबला.

"दाबू का?" काकांनी मला विचारलं.

मी मान डोलावली. काकांनी दाबलं, आणि दोघांच्या जागा बदलल्या. सिस्टर पुढं आली. दाढीवाला मागं गेला.

काका चष्मा सावरत टीव्हीकडं वाकले. "म्हाताऱ्याला मागं टाकलं का?" ते हळूच म्हणाले. मग विचारलं, "आन् म्होरं कोन आलं?"

वहिनी दारातूनच म्हणाल्या, "काय झालं वन्सं? हारले का?"

"न्हाय वहिनी," मी म्हणाले. "त्यानं तुमाला पुढं केलंय."

त्यांना कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, मागं राहून सगळ्यांना उभं करणारी सिस्टर कोण, वडीलधारा म्हणून पुढं ठेवलेला दाढीवाला कोण, आणि दादानं इतकी वर्षं माहीत असूनही काय बदललं नव्हतं ते. वहिनी उंबऱ्यावरच बसल्या आणि कुटाचे हात तोंडाला लावून रडल्या. मी रडले. काकांनी खिशातून रुमाल काढला. एकटा दादा कोरड्या डोळ्यांनी, पुढची लढाई कधी सुरू होते म्हणून रिमोट धरून बसला होता. त्याच्याकडं बघून मला पुन्हा शंका आली, की हा नुसताच एकदाचा शहाणपणानं खेळायला लागला असेल तर? ती शंका अजून अधूनमधून येते. मी तिचं काय करावं हे मला कळत नाही.

"पार्टीला मी सांगतो," काका म्हणाले आणि चपला घालून निघाले. दारातून वळून दादाला म्हणाले, "बरं केलंस, बाळा."

वहिनींनी हात धुतले, पदरानं तोंड पुसलं आणि खिळ्यावरची दुकानाची किल्ली काढली. दादासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्याच्याकडं बघत त्यांनी विचारलं, "जाऊ का?"

"व्हय," दादा म्हणाला.

त्या ‘व्हय’ला आम्ही कुणी रिमोट पुढं केला नाही.